नरम कोठा

मागच्या वर्षी आमच्या घरात मेंदू या विषयावर जेवढी चर्चा झाली, त्याच्या चौथाई जरी तो वापरला गेला असता, तरी पुढचं सगळं रामायण टळलं असतं. रोज सकाळ-संध्याकाळ मेंदू. मेंदूला काय पोचतं, काय पोचत नाही, परदेशात काय पोचवायला लागलेत. आणि घरात एकाच्याही डोक्यात साधी गोष्ट शिरली नाही.

आम्ही चौघं. आबा म्हणजे माझे वडील. माय म्हणजे आई. धाकटा भाऊ बारडोलीला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. तो फक्त रविवारी उगवतो आणि आठवड्याभराची साठवलेली अक्कल एका दुपारी वाटून जातो. आणि मी. मी मराठी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते, लग्न केलेलं नाही, आणि सुरतेत कोसाडच्या दोन खोल्यांत आईवडिलांबरोबर राहते. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींवर नातेवाइकांनी पुष्कळ बोलून घेतलंय, त्यामुळे इथे नको.

आबा धुळ्याकडचे. तरुणपणी सुरतेला आले आणि कतारगामच्या लूमच्या कारखान्यात गाठी मारण्याच्या कामाला लागले. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या धाग्याला जोडायचा. हजारो धागे, प्रत्येकाला एक गाठ, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत, डोळ्याला दिसायच्या आत. आता ते काम यंत्र करतं. पण आबांच्या बोटांना ते कोणी सांगितलं नव्हतं, असं आम्हाला वाटलं. कारण काम सुटल्यावर टीव्हीसमोर बसल्या बसल्या त्यांचा अंगठा तर्जनीवर घासायला लागला. माय शेजारणीला कौतुकानं दाखवायची, "देख, आजून हात गाठी मारी ऱ्हायनात." शेजारीण म्हणायची, मेहनतीचे हात आहेत, बसवत नाही त्यांना. असं पुरतं एक वर्ष आम्ही त्या कंपाचं कौतुक केलं.

मग पाय फरफटायला लागले आणि कौतुक संपलं. पार्किन्सन्स निघाला. आमच्याकडे कंपवात म्हणतात.

मेंदूचे डॉक्टर म्हणजे एक वयस्क सुरती गृहस्थ. हुशार, शांत, आणि वेळेच्या बाबतीत अत्यंत उदार. त्यांनी पहिल्याच भेटीत मला समजावलं होतं. मेंदूत एक द्रव्य तयार व्हायचं कमी झालंय. ते द्रव्यच द्यावं म्हटलं तर देता येत नाही, कारण मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत फार घट्ट विणीची असते, ती त्याला आत घेत नाही. म्हणून गोळीतून त्याचा कच्चा माल पाठवायचा. कच्च्या मालाला भिंत आत घेते, आणि आत गेल्यावर मेंदू त्याचं द्रव्य बनवतो. मला हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी अभ्यासक्रमात नसताना मी वर्गात सांगितलं. मराठीत त्याला 'रक्त-मेंदू अडथळा' म्हणतात. एका मुलीनं विचारलं, "बाई, मग हा अडथळा चांगला की वाईट?" मी म्हटलं, चांगला, तो नसता तर आपण खाल्लेलं वाट्टेल ते डोक्यात गेलं असतं. आज विचारलं असतं तर उत्तर देण्याआधी थोडी थांबले असते.

गोळीनं दोन वर्षं सोन्यासारखी गेली. सकाळी गोळी घेतली की पाऊण तासात आबा उठून स्वतः दाढी करायचे आणि खाली जाऊन दुधाच्या पिशव्या आणायचे. मग असर थोडा कमी झाला. गोळी लागू व्हायला वेळ घ्यायची, लवकर उतरायची. म्हणून आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो.

त्या दिवशी तीन तास बसलो. माझ्या मांडीवर सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. हृदयाचं कार्य काय, याला एका मुलीनं 'दुखणे' असं उत्तर लिहिलं होतं आणि अर्धा गुण द्यावा की नाही हे मी ठरवत होते. तेवढ्यात नंबर पुकारला. सात पेपर उरले होते. मी मायला म्हटलं, "तुम्ही दोघं व्हा पुढं, मी आलेच." माझं डोकं उठलं होतं त्या बाकावर, आणि डॉक्टर नवीन काय सांगणार होते? सातवा पेपर तपासून मान वर केली तर माय आणि आबा बाहेर आलेही होते.

"काय म्हणाले?"

"गोळी तीच शे," माय म्हणाली. "फक्त नरम कोठे देवानी सांगेल शे."

कोठा म्हणजे पोट, आतडी, तो सगळा आतला कारभार. आमच्याकडे कोणाचा गुडघा दुखला तरी पहिली चौकशी कोठ्याची होते. आणि आबांना तर तीन-तीन दिवस साफ होत नव्हतं. या आजारात ते होतंच. त्यामुळे कोठा नरम ठेवून गोळी द्या, हे मला अगदी शहाणपणाचं वाटलं. इतका मोठा डॉक्टर, पण घरगुती बोलला, म्हणून मी मनातल्या मनात त्यांचं कौतुकही केलं. या घरात चुकीच्या जागी कौतुक करायची परंपराच आहे.

दुसऱ्या दिवसापासून मायनं सुरू केलं. पेलाभर गरम दूध, त्यात चमचाभर तूप, आणि त्याबरोबर गोळी. दिवसातून तीनदा. तशीही तिला कोरडी गोळी देणं कधी पटलं नव्हतं. विलायती औषध गरम पडतं, पोटात आग करतं, त्याला खाली काहीतरी अंथरूण हवं, हे तिचं शास्त्र. आता तिच्या शास्त्राला मोठ्या डॉक्टरची सही मिळाली होती. तिसऱ्या रविवारी भावानं बारडोलीहून ताकदीच्या पावडरीचा डबा आणला. प्रथिनं, प्रथिनं, असं तो डब्यावरचं वाचून दाखवत होता. दुधात दोन चमचे पावडर पडायला लागली. मीही मागे कशाला राहू? जेवणात मोड आलेले मूग मी सुरू केले.

आणि आबा झपाट्यानं बिघडत गेले.

पहिल्यांदा दाढी गेली. मग शर्टाची बटणं. ज्या बोटांनी आयुष्यभर केसाएवढ्या धाग्याला गाठ मारली, त्यांना बटण काजातून काढता येईना. मग दार. आबा खोलीत चालायचे, पण उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला चिकटायचे. पलीकडे स्वयंपाकघर, अलीकडे आबा, मध्ये काही नाही, आणि दहा-दहा मिनिटं तिथेच उभे. मी शाळेला उशीर होतो म्हणून मागून म्हणायची, "आबा, उचला ना पाय!" जसं काही ते मजेत उभे होते. शेवटी आवाज गेला. पूर्ण नाही, पण इतका बारीक झाला की पंखा बंद केल्याशिवाय ऐकू यायचं नाही. चेहराही हलेनासा झाला, त्यामुळे रागावलेत की हसतायत हेही कळेना. माय त्यांच्यासमोर बसून एकटीच बोलायची आणि मध्येच विचारायची, "आयकी ऱ्हायनात ना?"

डॉक्टरांकडे दोन फेऱ्या झाल्या. दोन्ही वेळा मोठे डॉक्टर बाहेरगावी आणि त्यांचा तरुण मदतनीस खुर्चीत. या वेळी मी आत होते, ठासून आत होते. त्यानं विचारलं, "गोळी रिकाम्या पोटी देता ना?"

"हो," मी म्हटलं. "सात वाजता गोळी, नऊ वाजता जेवण. एक दिवस चुकलं नाही."

खोटं नव्हतं ते. आमच्या घरात एकादशी, सोमवार, चतुर्थी असे उपास चालूच असतात, आणि उपासाला दूध चालतं. दुधानं उपास मोडत नाही म्हणजे दूध प्यायलेलं पोट रिकामंच, हे इतकं पक्कं डोक्यात बसलंय की विज्ञानाची बाई असून माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही. त्यानं मान हलवली आणि गोळीची मात्रा वाढवली. मात्रा वाढली, दूध तेवढंच राहिलं, आबा उंबऱ्याशीच राहिले.

आता भावाबद्दल सांगते. आबांचं बिघडायला लागल्यापासून त्यानं मोबाईलवर या अडथळ्याचा असा काही अभ्यास केला की मला त्याच्या कारखान्यातल्या साखरेची काळजी वाटायला लागली. मी फळ्यासमोर खडू धरून उभी असताना खिशात फोन थरथरायचा. डोक्यावर आवाजाच्या लहरी सोडून ती भिंत तात्पुरती उघडतात. अतिसूक्ष्म कणांत औषध भरून पाठवतात. नाकातून देतात, कारण नाक मेंदूच्या शेजारी. एकदा त्यानं रात्रीच्या जेवणाचा फोटो पाठवावा तसा उंदराच्या मेंदूचा फोटो पाठवला. मी लिहिलं, "आबांच्या बटणाचं काय?" त्यावर त्यानं अंगठा पाठवला.

एका रविवारी तर जेवताना त्यानं मायलाही शिकवायला घेतलं.

"माय, मेंदूच्या बाहेर ना, एक पहारा असतो. प्रत्येक वस्तूची तपासणी होते. ज्याला परवानगी नाही त्याला परत पाठवतात."

"म्हंजे आपला नवापूरना नाका," माय म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. मी सातवीला चाळीस मिनिटं खर्चून जे सांगितलं ते तिनं तीन शब्दांत उरकलं. खानदेशातून सुरतेला येताना नवापूरला हद्द लागते. पलीकडे दारू चालते, गुजरातेत बंदी, म्हणून नाक्यावर पिशव्या उघडून बघतात.

"अगदी बरोबर!" भाऊ खूश झाला. "आता शास्त्रज्ञ काय करतात, मेंदूला ज्या वस्तू लागतातच ना, त्यांच्या पोटात औषध लपवून पाठवतात. पहाऱ्याला वाटतं आपलाच माल."

"त्यामा काय नवं शे?" माय पोळी वाढत म्हणाली. "तुना मामानी नही का, बाजरीना पीठमा बाटली दपाडी व्हती."

भाऊ ओशाळला. तेवढ्यात आबा काहीतरी बोलले. कोणाला ऐकू आलं नाही. मी पंखा बंद केला आणि कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"पकडाई गया व्हता," आबा म्हणाले.

सगळे हसले. आबांचा चेहरा हलला नाही, पण मला वाटतं तेही हसले असावेत. मग मी पंखा लावला, मायनं त्यांना मुगाची वाटी पुढं केली, आणि भावानं नवा व्हिडिओ उघडला. मला त्या क्षणी त्याचा फोन आमटीत बुडवावासा वाटला. जगभरातली माणसं ती भिंत ओलांडायला काय काय करतायत, आणि इथे माझ्या बापाला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडता येत नाही.

शेवटी मोठे डॉक्टर भेटले. मी भावाच्या सगळ्या व्हिडिओंची यादी वहीत लिहून नेली होती. त्यांनी ती शांतपणे वाचली. म्हणाले, "यातलं बरंचसं खरं आहे, बेन. काही गोष्टींचे माणसांवर प्रयोग चालू आहेत. पण तुमच्या वडिलांसाठी आज माझ्या टेबलावर यातलं काही नाही." मग त्यांनी ऑपरेशनचं काढलं. डोक्याला भोकं पाडून मेंदूत बारीक तारा बसवायच्या. मायनं माझा दंड धरला. पण त्याआधी एक परीक्षा, डॉक्टर म्हणाले. आदल्या रात्रीपासून औषध बंद. सकाळी गोळी द्यायची आणि किती फरक पडतो ते मोजायचं. गोळीनं थोडा वेळ का होईना माणूस सुधारत असेल तर ऑपरेशनचा उपयोग होतो. गोळीनं काहीच होत नसेल, तर बहुतेक वेळा ऑपरेशननंही होत नाही.

"मग काय?" मी विचारलं.

"मग आहे ते सांभाळायचं," ते म्हणाले.

आहे ते म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. आहे ते म्हणजे उंबऱ्याशी उभे असलेले आबा, आणि उद्या तिथपर्यंतही न येणारे. घरी गोळीनं काहीच होत नव्हतं. म्हणजे परीक्षेत नापास होणार हे मी धरूनच चालले होते. ते आठ दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होते, शाळेत मुलांवर, रिक्षावाल्यावर, भाजीवालीवर. माय देवाला निरांजन लावताना नवस बोलत होती आणि नेमका काय बोलावा हे तिला कळत नव्हतं. गोळी लागू पडली तर नवऱ्याच्या डोक्यात भोकं. नाही पडली तर काहीच नाही. एकदा तिनं मलाच विचारलं, "काय मागू व?" मी म्हटलं, "मला काय माहीत!" आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

परीक्षेच्या सकाळी आबा लाकडासारखे झाले होते. भावानं आणि रिक्षावाल्यानं उचलून खाली आणलं. दवाखान्यात चाकाच्या खुर्चीत बसवलं. तो तरुण मदतनीस कागद घेऊन प्रत्येक गोष्टीला आकडा देत होता. बोटं आपटा. मूठ उघडझाप करा. उठा. आबांना उठता आलं नाही. तुमचं नाव सांगा. ओठ हलले, आवाज आला नाही. त्यानं लिहून घेतलं.

नर्सनं गोळी आणि पाण्याचा पेला आणला. त्याबरोबर मायनं पिशवीतून स्टीलचा थर्मास काढला.

"ये क्या है?" नर्स.

"दूध," माय म्हणाली. "थोडा देने दो, बेन. कोरी गोळी गरम पडती है."

"कुछ नहीं देना है. सिर्फ पानी."

माय माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "माय, एक दिवस ऐक ना! मरणार नाहीत एक दिवस दूध नाही प्यायलं तर." थर्मास मी तिच्या हातून ओढून पिशवीत कोंबला. आबांनी गोळी पाण्याबरोबर गिळली आणि आम्ही बसलो.

पहिली पंचवीस मिनिटं काही झालं नाही. भाऊ मोबाईल काढायला लागला, मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं तो परत ठेवला. मग आबांनी डोळे मिचकावले. एवढंच. पण किती महिन्यांत ते असे लागोपाठ मिचकावले नव्हते. मग त्यांनी हात उचलून कान खाजवला. माय उभी राहिली. अंगठ्याचं ते घासणं हळूहळू थांबलं, आणि हात मांडीवर नुसता पडून राहिला, कोणाच्याही हातासारखा. मदतनीस पुढं आला आणि म्हणाला, "काका, उठून बघता?" आबांनी खुर्चीच्या हातांना रेटा दिला आणि उठले. चार पावलं चालले. समोर खोलीचं दार होतं. आबा दारातून सरळ बाहेर गेले, बोळाच्या टोकाला पोचले, वळले आणि परत आले. येता येता त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

भाऊ रडायला लागला. माय हात जोडून छताकडे बघत होती. मला मात्र एकदम भीती वाटली. मनात आलं, हे खरं असेल तर घरी काय होत होतं?

मोठे डॉक्टर आले. आबांना बघून खूश झाले, आणि मग त्यांच्या कपाळावर आठी आली. घरचे कागद चाळले. "घरे आवुं नथी थतुं?" त्यांनी विचारलं. घरी असं होत नाही?

नाही, आम्ही तिघांनी माना हलवल्या.

"गोळी केवी रीते आपो छो?" गोळी कशी देता?

माय पुढं झाली. तुम्ही सांगितलं तसंच देतो, हे सांगताना तिला तिच्या मोडक्या गुजरातीचा अभिमान वाटत असावा. "तमे कीधुं हतुं ने साहेब, तेम ज. नरम कोठे. दूध, घी, ने ताकतनो पावडर."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बेन," ते म्हणाले, "में नरणा कोठे कीधुं हतुं."

आणि मला समजलं. मला गुजराती येतं. लिहिता-वाचता येतं, जन्म सुरतेत गेलाय. नरणा कोठे म्हणजे अनशापोटी. पोटात पाण्याशिवाय काही नसताना.

मग डॉक्टर बोलत होते, आणि मी ऐकत होते, पण प्रत्येक वाक्य कानाला चटका दिल्यासारखं लागत होतं. दुधातली, मुगातली, डब्यातली प्रथिनं पोटात गेली की त्यांचे तुकडे होतात. ते तुकडे आणि ही गोळी एकाच दारानं आत जातात. आधी आतड्याचं दार, मग मेंदूच्या भिंतीतलं. तिथे गर्दी झाली की गोळी बाहेरच राहते. सगळ्यांचं इतकं होत नाही, पण काहींचं फार होतं. आता गोळी फक्त पाण्याबरोबर, आधी-नंतर तासभर काही नाही, डाळ-दूध रात्रीच्या जेवणात. ऑपरेशनचा विचार सध्या बाजूला ठेवू. आजार आहेच, तो पुढं जाणारच, पण हे आठ महिने त्याचे नव्हते.

हे आठ महिने त्याचे नव्हते. मग कोणाचे होते?

माय भिंतीला टेकून उभी होती. पदर तिनं डोक्यावरून पुढं ओढला होता. "मीच दिधं," ती म्हणाली. "रोज तीनदा. मीच दिधं."

अशा वेळी माणसानं काय करावं? जवळ जावं, खांद्यावर हात ठेवावा. मी काय केलं ते सांगते. आठ महिने साठलेला वैताग माझ्या तोंडातून बाहेर पडला. बोळात, सगळ्यांसमोर. "एक शब्द नीट ऐकता येत नाही तुला? चाळीस वर्षं सुरतेत राहिलीस, एक शब्द? आबांना तू बांधून ठेवलंस! आम्ही जगभर शोधत बसलो आणि तू घरात..."

"ए!"

मला कळलंच नाही कोण ओरडलं. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. औषधाच्या खिडकीतला माणूस बाहेर डोकावला.

"तिले काय बोलस?" आबा माझ्यासमोर उभे होते, ताठ, आणि त्यांच्या मानेची शीर फुगली होती. "तिले येस का गुजराती? तुले येस ना? लिखता येस, वाचता येस. मंग तू भाईर काय करी ऱ्हायनी व्हती?"

मी तोंड उघडलं.

"गप! माले दूध आवडस का? जलमभर कधी पिधं का मी? तिनी दिधं म्हनीसन पिधं. तीन पेला रोज. तू एक दिवस तरी इचारं का, आबा, दूध कसं लागस?"

नाही विचारलं. मी एकदाही विचारलं नव्हतं. पंखा बंद करून कान नेला असता तर त्यांनी सांगितलं असतं, कदाचित पहिल्याच आठवड्यात.

आबा थांबेनात. मी त्यांच्याशी बहिऱ्याशी बोलावं तशी ओरडून बोलते. त्यांचं वाक्य अर्ध्यातच मी पुरं करते आणि ते दर वेळी चुकीचं पुरं करते. त्यांना पाणी हवं असतं तेव्हा मी चहा आणते. दारात ते अडकले की मी घड्याळ बघते. भावानं उंदीर दाखवले पण एकदा नखं कापून दिली नाहीत. आठ महिन्यांचं सगळं, तारीखवार, न अडखळता, खणखणीत अहिराणीत. नर्स "काका, धीरे" म्हणत पुढं आली. डॉक्टरांनी हातानं तिला थांबवलं, मदतनिसाच्या हातून तो कागद घेतला, आवाजापुढचा आकडा खोडला आणि नवीन लिहिला.

गोळीचा जोर त्या दिवशी तीन-साडेतीन तास टिकेल, असं त्यांनी नंतर सांगितलं. त्यातला पहिला अर्धा तास आबांनी मला झाडण्यात घालवला. मी मान खाली घालून उभी होते. ते म्हणत होते ते अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि ते थांबू नयेत असं मला वाटत होतं.